जबड्यातली गाठ आणि आफ्रिकेचा नकाशा

आहारात चोथा हवा, मैदा कमी करा, कोंड्यासकट पीठ खा, हा सल्ला आता प्रत्येक डॉक्टर देतो आणि प्रत्येक रुग्ण मान डोलावून ऐकून घेतो. १९७०च्या दशकात हा सल्ला देशोदेशी फिरून लोकांच्या गळी उतरवणाऱ्यांमध्ये डेनिस बर्किट हे सर्वांत पुढे होते. पण ते आहारतज्ज्ञ नव्हते. ते सर्जन होते, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत त्यांचे नाव आहे ते अगदी वेगळ्या कारणाने. लहान मुलांना होणाऱ्या आणि अतिशय झपाट्याने वाढणाऱ्या एका कर्करोगाला त्यांचे नाव दिले आहे: बर्किट लिम्फोमा. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ आहे. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरला तो साऱ्या नोकरीत एखाद-दोनदाच दिसतो, म्हणून पटकन आठवतही नाही. आणि या आजारात आठवायला लागलेला प्रत्येक दिवस मुलाच्या आयुष्यातून वजा होतो.

बर्किट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ रोजी, आज उत्तर आयर्लंडमध्ये असलेल्या एनिस्किलन गावी झाला. वडील जेम्स बर्किट हे जिल्ह्याचे अभियंते. रस्ते आणि पूल हे त्यांचे काम, आणि पक्षी हा त्यांचा नाद. घराच्या आसपासचे रॉबिन पक्षी पकडायचे, पायात धातूची कडी अडकवून सोडून द्यायचे आणि कोणता पक्षी कोणत्या हद्दीत वावरतो ते नकाशावर मांडायचे, असा उद्योग त्यांनी वर्षानुवर्षे केला. त्यांना रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून कड्यांना त्यांनी वेगवेगळे आकार दिले. पक्षी अभ्यासक हे नाव अजून आदराने घेतात. मुलाने पुढे पक्ष्यांऐवजी आजाराची हद्द नकाशावर आखली. हा वारसा मला अनुवंशशास्त्रात शिकवल्या जाणाऱ्या कुठल्याही वारशाइतकाच खरा वाटतो.

अकराव्या वर्षी दगड लागून डेनिसचा उजवा डोळा गेला. तिथे काचेचा डोळा बसवला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तो गेला वडिलांसारखा अभियंता व्हायला, पण लवकरच वैद्यकाकडे वळला. घरचे वातावरण धार्मिक होते आणि त्याची स्वतःची श्रद्धाही गाढ होती. डॉक्टर होऊन दूरदेशी काम करावे हे त्याच्या मनाने तिथेच घेतले. १९३५ साली पदवी आणि १९३८ साली एडिंबराची सर्जरीची फेलोशिप मिळाली. आफ्रिकेत जाण्यासाठी ब्रिटिश वसाहतींच्या वैद्यकीय सेवेकडे अर्ज केला, तर एक डोळा नाही म्हणून नकार आला. मग महायुद्ध सुरू झाले, सर्जन कमी पडू लागले आणि सैन्याला एक डोळाही चालला. सैन्याबरोबर ते केनियात राहिले, तिथून युगांडा पाहून आले. युद्ध संपल्यावर १९४६ साली, ज्या सेवेने आधी नाकारले होते तिनेच त्यांना युगांडाच्या उत्तरेकडील लिरा या गावी नेमले.

लिरात त्यांच्याकडे हायड्रोसीलचे पुष्कळ रुग्ण यायचे. कोकणातल्या जुन्या लोकांना हत्तीरोग आणि अंडवृद्धी यांची जोडी नवी नाही. सर्जनने अशा वेळी शस्त्रक्रिया करावी आणि पुढचा रुग्ण आत घ्यावा, हीच रीत. बर्किट प्रत्येकाला गाव विचारत. त्यातून लक्षात आले की जिल्ह्याच्या एका भागातून असे रुग्ण सारखे येतात आणि दुसऱ्या भागातून जवळपास येतच नाहीत. १९५१ साली त्यांनी हे लॅन्सेट या नियतकालिकात छापले. फार कोणी दखल घेतली नाही. पण गाव विचारायची सवय त्यांना लागली ती लागलीच.

१९४८ साली ते राजधानीत, कंपालाच्या मुलागो रुग्णालयात आले. १९५७ साली तिथले ज्येष्ठ फिजिशियन ह्यू ट्रॉवेल यांनी त्यांना एक मूल बघायला बोलावले. मुलगा पाचेक वर्षांचा. वरचा जबडा दोन्ही बाजूंनी सुजलेला, खालचाही दोन्ही बाजूंनी. दात हलत होते, चेहरा ओळखू येत नव्हता. हाडातला जंतुसंसर्ग असा चार ठिकाणी एकदम होत नाही. कर्करोग म्हणावा तर तोही एका जागी सुरू होऊन पसरतो, असा चारी कोपऱ्यांत एकाच वेळी मांडून बसत नाही. बर्किट यांना काही उलगडा झाला नाही. त्यांनी फोटो काढून ठेवले.

काही आठवड्यांनी ते जिंजा गावच्या जिल्हा रुग्णालयात नेहमीच्या भेटीला गेले. खिडकीतून बाहेर पाहताना हिरवळीवर आईजवळ बसलेले एक मूल दिसले. चेहरा तसाच सुजलेला. ते बाहेर गेले, तोंड उघडून पाहिले, तर चारही बाजूंना गाठी. मग त्यांनी पोट तपासले. पोटातही गाठ होती. माझ्या मते या सगळ्या कथेतला निर्णायक क्षण हाच. जबडा बघायला गेलेल्या सर्जनने पोटावर हात ठेवला.

कंपालाला परतून त्यांनी जुने कागद उपसले. तिथले विकृतिशास्त्राचे प्राध्यापक जॅक डेव्हिस यांनी कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही आणि शवविच्छेदनाचे अहवाल नीट जपून ठेवले होते. जबड्याच्या गाठीने गेलेल्या मुलांच्या अहवालांत इतर अवयवही पोखरलेले दिसले: मूत्रपिंडे, त्यांच्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी, यकृत, मुलींमध्ये दोन्ही अंडाशय. कधी थायरॉइड, कधी वृषण. उलट, ज्यांच्या जबड्याला काहीच नव्हते अशाही मुलांत याच अवयवांत तशाच गाठी होत्या. तोवर या मुलांच्या कागदांवर वेगवेगळी निदाने पडत होती. डोळ्याजवळ गाठ असेल तर डोळ्याचा कर्करोग, मूत्रपिंडात असेल तर मूत्रपिंडाचा, अंडाशयात असेल तर अंडाशयाचा. सर्जन, नेत्रतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, प्रत्येकाने आपापला तुकडा पाहिला होता. कंपालाच्या मेंगो मिशन रुग्णालयाचे संस्थापक आल्बर्ट कुक यांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींतही असे सुजलेले चेहरे आहेत. म्हणजे आजार नवा नव्हता, तो एकच आहे हे कोणाला दिसले नव्हते.

१९५८ साली बर्किट यांनी ब्रिटनमधील सर्जरीच्या नियतकालिकात या आजाराचे वर्णन छापले. त्यांनी त्याला सारकोमा म्हटले होते. विकृतितज्ज्ञ ग्रेगरी ओकॉनर यांनी डेव्हिस यांच्याबरोबर सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून हा लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग आहे असे दाखवले. हे पटायला जड होते, कारण लिम्फोमा म्हटला की गळ्यात, काखेत, जांघेत गाठी हव्यात. आपण ज्याला अवधाण म्हणतो त्या जागी. या मुलांचे गळे आणि काखा बहुधा मोकळ्या असत. लसिका ग्रंथी सोडून भलत्याच अवयवांत वस्ती करणारा हा लिम्फोमा होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र ओळखीचे असते. एकसारख्या गडद पेशींची दाट गर्दी आणि मधूनमधून मेलेल्या पेशी गिळणाऱ्या फिकट मोठ्या पेशी, रात्रीच्या आकाशात चांदण्या दिसाव्यात तशा. विकृतिशास्त्राचे विद्यार्थी आजही तारांकित आकाश म्हणूनच तो लक्षात ठेवतात.

आता बर्किट यांनी तोच जुना प्रश्न विचारला: ही मुले येतात कुठून? सरकारकडून जेमतेम काही पौंड मिळाले. त्यात सुजलेल्या चेहऱ्यांचे फोटो असलेली पत्रके छापून त्यांनी आफ्रिकाभरच्या रुग्णालयांना पाठवली: असे मूल पाहिले आहे का? उत्तरे आली तसतशा ते भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचत गेले. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आफ्रिकेच्या आडव्या पोटावरून एक पट्टा तयार झाला, आणि पूर्व किनाऱ्याने मोझांबिकपर्यंत त्याची शेपटी उतरली.

पट्ट्याची कड नेमकी कुठे संपते, हे पत्राने कळेना. म्हणून ऑक्टोबर १९६१ मध्ये एड्वर्ड विल्यम्स आणि क्लिफर्ड नेल्सन या दोन मिशनरी डॉक्टरांना बरोबर घेऊन, एक जुनी फोर्ड गाडी विकत घेऊन ते निघाले. दहा आठवड्यांत दहा हजार मैल, म्हणजे १६ हजार किलोमीटर. साठाच्या आसपास रुग्णालये. प्रत्येक ठिकाणी फोटो दाखवायचे, वही उघडायची, टाचणी टोचायची. गाडी दुरुस्त करायची वेळ आली तर तीही तिघांनीच करायची. परतल्यावर चित्र स्पष्ट झाले. हा आजार उंच डोंगराळ भागात नाही, थंडीच्या भागात नाही आणि कोरड्या भागात नाही. सर्वांत थंड महिन्यातही जिथले सरासरी तापमान १५-१६ अंशांखाली जात नाही आणि वर्षाला ५० सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथेच तो आहे. एंटेबी इथले विषाणूतज्ज्ञ अलेक्झांडर हॅडो यांच्या चटकन ध्यानात आले की ही हद्द तर डासांची आहे.

हा नकाशा घेऊन थोडे आपल्याकडे येऊ. चौल समुद्रालगत आहे, उंची जवळपास नाहीच. पाऊस ५० सेंटिमीटरच्या कितीतरी पट. जानेवारीतही हुडहुडी भरत नाही. पाण्याने भरलेल्या वाड्या आहेत, नारळी-पोफळीची सावली आहे आणि डास तर आहेतच. बर्किट यांच्या अटी चौल-रेवदंड्याला तंतोतंत लागू पडतात. मग हा आजार युगांडासारखा इथे का नाही? बर्किट आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी दिलेले उत्तर असे. डास हा कर्करोग आणत नाही, तो मलेरिया आणतो. आणि एखाददुसऱ्या वेळचा मलेरिया पुरत नाही. जिथे मूल जन्मल्यापासून बारा महिने, वर्षानुवर्षे मलेरियाच्या परजीवीला तोंड देत असते, तिथे त्याच्या प्रतिकारशक्तीतल्या बी पेशी सतत वाढत राहतात, आणि अशा घाईच्या वाढीत गुणसूत्रांची मोडतोड होण्याची शक्यता वाढते. कोकणातला मलेरिया त्रासदायक आहे, पण त्या तीव्रतेचा नाही.

दुसरा धागा विषाणूचा. २२ मार्च १९६१ रोजी बर्किट यांनी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्याख्यान दिले. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन हे तरुण संशोधक होते. ऊन, पाऊस आणि कर्करोग हे गणित ऐकून यामागे विषाणू असणार असे त्यांनी तिथेच मनाशी ठरवले, आणि कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे मागवायला सुरुवात केली. दोन वर्षे काही हाती लागले नाही. १९६३च्या डिसेंबरात धुक्यामुळे विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरले, नमुना उशिरा पोचला, बाटलीतले पाणी गढूळ दिसले. खराब झाला म्हणून तो फेकला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण गढूळपणा जंतूंचा नव्हता, गाठीपासून सुटून तरंगणाऱ्या जिवंत पेशींचा होता. त्या पेशी वाढवून १९६४ साली एपस्टाइन, बर्ट अचोंग आणि इव्हॉन बार यांनी विषाणू शोधला. माणसात कर्करोगाशी नाते जोडलेला हा पहिला विषाणू. आज त्याला एपस्टाइन-बार म्हणतात. तो बहुतेक भारतीयांना लहानपणीच होऊन जातो आणि काही करत नाही, हेही सांगायला हवे. त्याच्यासाठी कोणी घाबरून रक्त तपासू नये. आपल्याकडच्या बर्किट लिम्फोमाच्या काही मुलांत तो गाठीत सापडतो, काहींत नाही. मात्र आठव्या गुणसूत्रावरचे मिक हे जनुक भलत्या जागी जाऊन अडकणे, हे जवळजवळ सर्वांत आढळते. ते जनुक पेशीला अखंड विभागत ठेवते.

या सगळ्या शोधात कंपालातल्या मुलांचे काय होत होते? सुरुवातीला काहीच होत नव्हते. रेडिओथेरपीचे यंत्र युगांडात नव्हते. जबडा कापून काढणे क्रूर होते आणि निरुपयोगीही. १९६०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेचे जोसेफ बर्चनल पूर्व आफ्रिकेत आले आणि औषधांची वाट उघडली. पहिले औषध मेथोट्रेक्सेट. आंध्रातून अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या लेडर्ली प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तिथेच ते तयार झाले होते. मग सायक्लोफॉस्फामाइड आणि व्हिन्क्रिस्टीन आले. चेहरा भरून टाकणारी गाठ काही दिवसांत वितळलेली बर्किट यांनी पाहिली, फोटोंत नोंदवली. केनियात पीटर क्लिफर्ड यांनाही हेच दिसत होते. काही मुले मोजक्या डोसांवर कायमची बरी झाली. औषधाने कर्करोग बरा होतो, यावर तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या डॉक्टरांचाही फारसा विश्वास नव्हता. पुरावा साध्या वॉर्डांतून, साध्या इंजेक्शनांतून आला.

व्हिन्क्रिस्टीन येते सदाफुलीतून. चौलच्या कुंपणांवर, देवळांच्या आवारात बारमाही फुलणारी तीच गुलाबी-पांढरी सदाफुली, मूळची मादागास्करची. मधुमेहावर तिचा पाला खाण्याची चाल अनेक देशांत होती आणि आपल्याकडे अजून आहे. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी ती मधुमेहासाठीच तपासायला घेतली, तर उंदरांची साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या. त्यातून व्हिनब्लास्टीन मिळाले आणि पुढे अमेरिकेत व्हिन्क्रिस्टीन. शेकडो किलो वाळल्या पाल्यातून जेमतेम ग्रॅमभर औषध निघते. तेव्हा पाला चावून कर्करोग बरा होणार नाही, मधुमेहही नाही; नसा आणि रक्तपेशी बिघडू शकतात. साखरेसाठी सकाळी पाने चघळणाऱ्यांनी ती सवय सोडावी.

बर्किट १९६६ साली युगांडा सोडून लंडनला गेले. तिथे त्यांना पीटर क्लीव्ह या नौदलातल्या डॉक्टरांचे लेखन भेटले आणि चोथ्याचा विषय मिळाला. आफ्रिकेतल्या रुग्णालयांत ॲपेंडिक्स आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग इतके कमी का, हाही पुन्हा नकाशाचाच प्रश्न होता. १९७२ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी या लिम्फोमाच्या औषधोपचारासाठीचे लास्कर पारितोषिक बर्किट, बर्चनल, क्लिफर्ड, जॉन झीग्लर आदींना मिळाले. पत्नी ऑलिव्ह परिचारिका होत्या, मुली तीन. २३ मार्च १९९३ रोजी बर्किट यांचे निधन झाले.

कंपालात १९६७ साली या आजारासाठी खास केंद्र उघडले, ते झीग्लर यांनी चालवले. गाठ वितळली तरी अनेक मुलांत आजार मेंदूच्या आवरणात परततो हे तिथे कळले, म्हणून पाठीच्या कण्यातून औषध देणे हा उपचाराचा भाग झाला. झीग्लर यांच्यानंतर ते केंद्र इयान मॅग्रथ यांनी सांभाळले. पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गेले, आणि १९८०च्या दशकात मुंबईचे टाटा रुग्णालय, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईचे कॅन्सर इन्स्टिट्यूट यांच्याबरोबर त्यांनी भारतीय मुलांसाठी उपचारपद्धती आखल्या. टाटामध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी ते काम उभे केले. लिम्फोमाच्या त्या पद्धतीचे नाव एमसीपी ८४२. जिंजाच्या हिरवळीवरून परळपर्यंत आलेली वाट ही अशी आहे.

आपल्याकडे हा आजार बहुधा जबड्यात दिसत नाही, पोटात दिसतो. पाच-दहा वर्षांचा मुलगा, मुलींपेक्षा मुलगेच जास्त. पोट दुखते, उलट्या होतात, पोट दहा-पंधरा दिवसांत फुगत जाते. जंत, टीबी, अपचन यांची औषधे चालू होतात. कधी लहान आतडे मोठ्या आतड्यात घुसून बसते आणि तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. दोन वर्षांखालच्या बाळांत असे आतडे घुसणे नेहमीचे आहे, पण मोठ्या मुलात ते घडले तर कारण शोधायला हवे, आणि काढलेला भाग तपासणीला पाठवायलाच हवा. या पेशींची संख्या दिवस-दोन दिवसांत दुप्पट होते. त्यामुळे महिनाभराने पुन्हा दाखवा, असे सांगायला इथे जागा नाही. सोनोग्राफी त्याच आठवड्यात, गाठ दिसली तर तुकडा तपासणी लगेच. मोठी गाठ समूळ काढण्याचा हट्ट सर्जनने धरू नये. जखम भरेपर्यंत औषध लांबते आणि तेवढ्यात आजार पुढे जातो.

अलिबाग भागातल्या मुलाला निदान झाल्यावर परळला, टाटा किंवा वाडिया रुग्णालयात नेणे योग्य. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि निदानाचे कागद सोबत ठेवावेत. पालकांना पहिल्या दिवशी नवल वाटते, कारण इतकी घाई करून आणलेल्या मुलाला केमो न देता नुसते सलाइन लावलेले असते. कारण असे की या गाठी औषधाने फार वेगाने फुटतात. फुटलेल्या पेशींतून पोटॅशियम आणि युरिक ॲसिड रक्तात लोटते, मूत्रपिंडे तुंबतात, हृदय थांबू शकते. म्हणून आधी भरपूर सलाइन, युरिक ॲसिडची औषधे, दर काही तासांनी रक्त आणि लघवीचे मोजमाप. मग सौम्य डोस, आणि त्यानंतर खरे जोरकस चक्र.

उपचार काही महिन्यांत संपतो, वर्षानुवर्षे चालत नाही. पण ते महिने कठीण असतात. तोंड येते, केस जातात, पांढऱ्या पेशी उतरल्या की ताप येतो, आणि असा ताप आला तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे लागते. पहिल्या चक्रानंतर पोट सपाट होते, मूल खेळू लागते, आणि नेमके तेव्हाच काही आईवडील गावी परत जातात. अर्ध्यावर सोडलेला हा लिम्फोमा काही आठवड्यांत परत येतो आणि दुसऱ्यांदा औषधांना सहजी दाद देत नाही. पूर्ण उपचार, आणि गरजेनुसार रिटुक्सिमॅब हे नवे औषध मिळाले, तर श्रीमंत देशांत १०० पैकी ९०च्या आसपास मुले बरी होतात. आपल्याकडचा आकडा कमी पडतो तो बहुतांशी उशिरा येणे, जंतुसंसर्ग आणि उपचार सोडणे यांमुळे. शेवटच्या डोसानंतर दोन वर्षे आजार परतला नाही तर तो सहसा परत येत नाही; तोवर तपासणीची एकही तारीख चुकवायची नसते.